पाय कुठे गेले?

माणसाच्या एका पावलात २६ हाडं असतात. दोन्ही पावलांची मिळून ५२. प्रौढ माणसाच्या अंगात हाडं २०६, म्हणजे जवळपास चौथा हिस्सा घोट्याखाली असतो. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी इनामगावला सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची जी माणसं सापडली, त्यांतल्या प्रौढांच्या सांगाड्यांत नेमका हाच हिस्सा गायब असतो. डोकं उत्तरेला, अंग उताणं, पाय दक्षिणेकडे लांब केलेले, आणि नडगीचं हाड संपतं तिथून पुढे नुसती माती.

थडगी उकरणाऱ्यांना सोन्यानाण्याची हाव असते, असा एक समज आहे. जुनी दफनं खणून अभ्यासायच्या या विषयाची गोडी एकदा लागली की कळतं, ती वस्तूंमुळे लागलेली नसते, जागांमुळे लागलेली असते. वाटी डोक्याशी होती की गुडघ्याशी, पालथी की उताणी, मनगटाची बारकी हाडं आपापल्या जागी होती की ढासळलेली, हे सगळं बघायची संधी एकदाच मिळते. वाटी काचेच्या कपाटात शंभर वर्षं टिकेल. ती जिथे होती ती जागा मात्र खणणाऱ्याच्या हातूनच संपते, आणि उरतं ते त्याने त्या दिवशी टिपून ठेवलेलं.

इनामगावचं उत्खनन डेक्कन कॉलेजने १९६८ मध्ये सुरू केलं आणि ते दशकभराहून जास्त चाललं. ह. धी. सांकळिया, म. के. ढवळीकर आणि झेड. डी. अन्सारी ही त्यातली मुख्य नावं. वस्ती ताम्रपाषाणयुगीन, साधारण इ.स.पू. १६०० ते ७०० या काळातली: आधी माळवा संस्कृतीचे लोक, मग पूर्व (म्हणजे आधीच्या काळातले) जोर्वे, मग उत्तर (म्हणजे नंतरच्या काळातले) जोर्वे. ‘जोर्वे’ हे नाव संगमनेरजवळच्या गावाचं, तिथे ही मातीची भांडी पहिल्यांदा ओळखली गेली. इनामगावला शंभराहून जास्त घरं आणि दोनशेच्या वर दफनं मिळाली. दख्खनच्या ताम्रपाषाणयुगाबद्दल ठामपणे जे काही बोललं जातं, त्यातलं बरंचसं या एका गावावर उभं आहे.

हे हाती लागलं हेही नशीबच म्हणायचं. आपल्याकडे गावची जमीन काळी आणि पांढरी अशी दोन. काळीत पीक, पांढरीत घरं. जुनी वस्ती उठून गेली की मातीच्या भिंती, राख, शेण, उष्टंखरकटं सगळं कुजून पांढरीचं टेकाड होतं. ही भुरकी माती शेताला खत म्हणून उत्तम आणि धाब्याच्या घरावर घालायलाही उत्तम. त्यामुळे नदीकाठची अशी कितीतरी टेकाडं बैलगाड्या भरभरून शेतांत गेली, आणि त्यांच्या पोटातली माणसंही.

तर पाय. पावलांची हाडं नाहीत एवढ्यावर ‘पाय तोडले होते’ असं म्हणता येत नाही. नसण्याची कारणं बरीच असतात आणि त्यांतली सोपी कारणं आधी बाद करावी लागतात. नंतरच्या कुणी तिथेच धान्याचा बळद किंवा राखेचा खड्डा खणला असेल, तर त्याची कड नडगीला कापून जाते. आतली माती सैल आणि वेगळ्या रंगाची असते, त्यामुळे कड दिसतेच. नांगर लागला असेल तर वरच्या बाजूची सगळीच हाडं खरवडलेली असतात, नुसती पावलं नव्हे. घुशी-उंदरांनी नेलं असेल तर बिळाची नळी दिसते आणि उरलेल्या हाडांवर दातांचे समांतर चरे असतात. मातीने खाल्लं म्हणावं, तर टाचेचं हाड आणि घोट्याचं हाड ही चांगली भरीव हाडं आहेत. बरगड्या आणि हाताची नाजूक पेरं शाबूत राहून टाच तेवढी विरघळली, हे पटण्यासारखं नाही. शेवटचं कारण खणणाऱ्याच्याच हातचं: घाईने चर खाली नेताना कुदळीने पावलं उडवलेली असतात आणि चाळणी न लावल्यामुळे ती मातीच्या ढिगात गेलेली असतात. असं झालं असेल तर नडगीच्या तुटल्या टोकाचा रंग बाकीच्या हाडापेक्षा फिकट, ताजा दिसतो. जुना तुटलेला भाग मात्र हाडाइतकाच मातकट असतो.

एवढं बाद झालं की मग तुटण्याची वेळ बघायची. ओल्या, म्हणजे मरणाच्या आसपासच्या हाडाला घाव बसला तर कडा तिरप्या आणि गुळगुळीत निघतात. वाळलेलं हाड काटकोनात, खडबडीत तुटतं. सांध्यातल्या शिरा कापून पाऊल वेगळं केलं असेल, तर हाड तुटतच नाही. नडगीच्या खालच्या टोकाशी धारेचे बारीक चरे तेवढे राहतात, आणि ते तिरप्या उजेडात भिंगाखालीच दिसतात. दगडी पात्याचे चरे आणि धातूच्या धारेचे चरे यांचा छेद वेगळा असतो. त्या काळी तांबं मोजकंच होतं आणि रोजची कापाकापी गारगोटीच्या जातीच्या दगडाच्या पात्यांनी चालायची, तेव्हा शोधायचे ते दगडाचे चरे.

हीच रीत एकामागून एक प्रौढ सांगाड्यात दिसत गेली, म्हणून पाय मुद्दाम तोडले जात असावेत हा निष्कर्ष उभा राहिला. का तोडले, याचं नेहमीचं उत्तर असं की मेलेल्या माणसाने घर सोडून जाऊ नये किंवा भूत होऊन फिरू नये म्हणून. उत्तर आकर्षक आहे. आपल्याकडे भुताचे पाय उलटे असतात, दक्षिणेकडे पाय करून झोपलं तर आजी हटकते, त्यामुळे ते आपल्याला चटकन पटतंही. तिथेच सावध राहायला हवं. तीन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाच्या मनातलं आपल्या आजीला ठाऊक असेलच असं नाही. पाय नाहीत ही नोंद. भीती होती की माया होती, हा आपला तर्क. अंगणात पुरलेल्या बापाने निघून जाऊ नये असं वाटायला तो भीतीदायकच असावा लागतो असं थोडंच आहे!

मुलांचं वेगळं होतं. इनामगावच्या दफनांतली बहुसंख्य दफनं लहान मुलांची आहेत. ती घराच्या जमिनीखाली, कुंभात आहेत. राखी रंगाचे दोन जाडसर मातीचे कुंभ आडवे ठेवून तोंडाला तोंड भिडवलेले, आत मूल. सोबत एखादी वाटी, एखादं तोटीचं भांडं. वर माती लोटून जमीन चोपून सारवली की घर पुन्हा चालू. चूल, दळण, झोपणं सगळं त्याच्यावरच. मुलांना दहन न करता पुरायची रीत आपल्याकडे आजही आहे, पण घरात नव्हे.

या कुंभांचा काळ ठरवताना सर्वांत मोठी फसगत खड्ड्याच्या तोंडापाशी होते. कुंभ कुठल्या थरात सापडला याला फारसा अर्थ नसतो, कारण खड्डा वरून खणून खालच्या जुन्या थरात गेलेला असतो. तो कुठल्या जमिनीवरून खणला, हे महत्त्वाचं. त्यासाठी सारवलेली जमीन लागली की तिथेच थांबायचं, खुरप्याने पृष्ठभाग एकसारखा तासायचा, फवाऱ्याने हलकं पाणी मारायचं आणि ओल वाळताना बघत राहायचं. चोपलेली जमीन एका वेगाने वाळते, खड्ड्यातली भुसभुशीत भर दुसऱ्या वेगाने, आणि त्या काही मिनिटांत खड्ड्याची गोल कड उमटते. ती चुकली की कुंभ खालच्या जमिनीच्या नावावर चढतो, मूल एखाद्या शतकाने म्हातारं होतं आणि त्या घराची गोष्ट भलत्याच कुटुंबाला चिकटते. कडेवरून आणखी एक कळतं. खड्ड्याच्या तोंडावरून सारवणाचा थर अखंड गेला असेल, तर पुरल्यावरही लोक त्या घरात राहत होते. सारवण फाटलेलंच असेल, तर दफन कदाचित घर सोडतानाचं, किंवा घर पडल्यानंतरचं.

कुंभ जागेवर उघडायचा मोह टाळावा. शतकानुशतकं झिरपलेल्या गाळाने तो भरलेला असतो आणि बाहेरून तडकलेला असतो. आतली माती हाच त्याचा आधार. भोवतीची माती खाली नेऊन कुंभ चौथऱ्यावर उभा ठेवायचा, ओल्या पातळ कागदाचा थर द्यायचा, त्यावर प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळायच्या, उत्तर दिशा आणि वरची बाजू पट्टीवरच लिहायची, खालून पत्रा सरकवून सगळा गोळा उचलायचा. कागद विसरला तर प्लास्टर कुंभाला धरतं आणि काढताना वरचा पापुद्रा घेऊन येतं. प्रयोगशाळेत आतली माती दोन-दोन सेंटिमीटरच्या थरांनी काढायची आणि प्रत्येक थर एक मिलिमीटरच्या जाळीतून धुऊन चाळायचा. नवजात मुलाच्या बोटांची पेरं तांदळाच्या कणीएवढी असतात, दातांची टोपणं त्याहून जेमतेम मोठी. नेहमीच्या पाच मिलिमीटरच्या चाळणीतून ती सरळ खाली जातात. मग अहवालात ‘दात आढळले नाहीत’ असं छापलं जातं, आणि पुढची चाळीस वर्षं कुणी तपासायला जात नाही.

मुलाचं वय दातांवरून काढतात, कारण हाडांची वाढ उपासमारीने खुंटते पण दात आपल्या वेळापत्रकाला त्यामानाने धरून राहतात. पूर्ण दिवस भरलेल्या बाळाच्या मांडीचं हाड साधारण ७४-७५ मिलिमीटर भरतं. त्यावरून अंदाज बांधता येतो, पण मूल मेलेलंच जन्मलं की जन्मून काही दिवस जगलं, हे त्यातून कळत नाही. ते दुधाच्या दातात असतं. जन्माच्या धक्क्याने एनॅमलच्या, म्हणजे दातावरच्या टणक आवरणाच्या, वाढीत एक गडद रेघ पडते. आठवडा-दीड आठवडा मूल जगलं, तरच तिच्या पुढे नवं एनॅमल चढून ती रेघ सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. त्यासाठी दात उभा कापून त्याची कागदासारखी पातळ चकती घासावी लागते, म्हणजे दाताचा बळी. आजार किंवा उपासमारीच्या काळात एनॅमल पातळ चढतं आणि दातावर आडव्या खाचा राहतात. जॉन लुकाच आणि सुभाष वाळिंबे यांनी इनामगावच्या मानवी अवशेषांचा, विशेषतः दातांचा, अभ्यास केला आणि १९८६ मध्ये तो स्वतंत्र खंडात आला. एखाद्या गावाच्या दुष्काळाचा माग त्या गावच्या लेकरांच्या दातांतून काढायचा, ही कल्पना मला या सगळ्या शास्त्रातली सर्वांत धारदार वाटते.

आता अपवाद. पाच खोल्यांचं एक घर, शेजारी धान्याचं कोठार, आणि त्या घराच्या अंगणात चार पायांचा, कच्च्या मातीचा, पोटाळ रांजण. आत साधारण चाळिशीचा पुरुष, बसलेला, गुडघे दुमडलेले. सोबत लांब वल्ह्यांची होडी रंगवलेलं एक भांडं. आणि याचे पाय शाबूत. घर, कोठार आणि हा रांजण यांची सांगड घालून हा गावचा मुख्य असावा असं म्हणतात. तर्क चांगला आहे, पण त्याचं वजन पायांवर आहे, रांजणावर नाही. रांजण नुसता वेगळा आहे. पाय राहू देणं हा मात्र नियम मोडण्याचा निर्णय आहे, आणि तो गावाला मान्य झालेला दिसतो. पण एक शंका राहते. बसवलेलं प्रेत कुंभात घालायचं तर पाय तोडायची गरज वेगळ्या रीतीने संपते का, रांजण स्वतःच त्याला धरून ठेवतो म्हणून? एका उदाहरणावर याचा निकाल लागणं कठीण.

सांगाडा मोकळा करताना लोखंडी हत्यार हाडापासून दूर ठेवतात. बांबूच्या टोकदार काड्या, मऊ ब्रश, हवेचा फुगा, एवढं पुरतं. कवटी आणि धड आधी, हात आणि पावलं शेवटी, कारण ती मोकळी झाली की गुडघ्याच्या धक्क्यानेही हलतात. हाड पूर्ण सुटल्याशिवाय उचलायचं नाही. टोक मातीत असताना ओढलं की मोडतंच. वर सावली हवी. ओलं हाड एप्रिलच्या उन्हात तासाभरात तडकायला लागतं. कटीच्या पोकळीतली मूठभर माती वेगळी पिशवीत भरतात: तिच्यात जंतांची अंडी, फळांच्या बिया, पित्ताचे खडे, कधी पोटातल्या गर्भाची हाडंही निघतात. जोडीला कवटीजवळची तेवढीच माती घेतात. दोन्हीकडे तीच बी निघाली, तर ती जेवणातली नव्हे, आजूबाजूच्या मातीतली.

सांध्यांकडे बारकाईने बघायचं. मान, बोटं, गुडघ्याची वाटी हे सांधे लवकर सुटतात. कंबर आणि त्रिकास्थी (कण्याच्या तळाचं हाड) यांची जोडणी खूप टिकते. बोटांची पेरं ओळीत असतील तर प्रेत ताजं असतानाच पुरलं. मोठी हाडं रचून ठेवलेली आणि बारकी गायब असतील, तर आधी दुसरीकडे कुजवून मग हाडं आणली. हाडं शरीराच्या रेषेबाहेर लवंडलेली असतील, तर प्रेताभोवती पोकळी होती, लाकडाची किंवा कशाची तरी, जी नंतर कुजून गेली.

धागादोऱ्याचं नशीब तांब्यावर अवलंबून असतं. नेवासा इथे एका लहान मुलाच्या गळ्यातल्या तांब्याच्या मण्यांत धागा टिकला, आणि तो रेशीम व कापसाचा निघाला. पुणे जिल्ह्यातल्या चांडोलीच्या मण्यांतला धागा जवसाच्या झाडाचा होता. तांब्याचं हिरवं क्षार जंतूंना मारतं, म्हणून मण्याच्या भोकात अर्धा सेंटिमीटर दोरा तीन हजार वर्षं तगतो. दगडी मण्यांत काही उरत नाही. त्यामुळे तांब्याचा मणी चकचकीत करणं हा गुन्हा समजावा. हिरवा गंज काढला की कापडाचा पुरावाही गेला.

तीच गोष्ट लोखंडाची, आणि ती विदर्भात सतत समोर येते. नागपूरभोवती जुनापाणी, माहुरझरी, नायकुंड, टाकळघाट-खापा इथली शिळावर्तुळं इ.स.पू. पहिल्या सहस्रकातली. मोठ्या दगडांचं कडं, आत गोट्यांची भर, तिच्याखाली चिकट काळी माती, आणि तिच्यात थोडी माणसाची हाडं, भांडी, लोखंडी कुऱ्हाडी, खंजीर. जुनापाणीला अशी सुमारे ३०० वर्तुळं. एकोणिसाव्या शतकात रिव्हेट-कार्नाक या इंग्रज अधिकाऱ्याने तिथे खणलं, १९६१-६२ मध्ये बी. के. थापर यांनी. माहुरझरी, टाकळघाट-खापा आणि नायकुंडचं काम शां. भा. देव यांच्या नावाशी जोडलेलं आहे. माहुरझरीला घोड्याच्या डोक्यावरचे तांब्याचे अलंकार आणि लोखंडी लगाम मिळाले. नायकुंडला लोखंड गाळायची भट्टीही सापडली.

वर्तुळ खणताना त्याचे चार भाग पाडतात. समोरासमोरचे दोन आधी, मध्ये मातीची फुलीसारखी भिंत राखून, म्हणजे भर कशी चढवली याचा छेद उभा दिसतो. प्रत्येक मोठ्या दगडाला खडूने क्रमांक, नकाशा झाल्यावरच हलवायचा. घोळ होतो तो काळ्या मातीमुळे. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हातभर खोल भेगाळते, आणि दर वर्षी मण्यांसारख्या बारक्या वस्तू भेगांतून खाली उतरतात. प्रेतासोबत ठेवलेला मणी आज त्याच्या खाली दोन वीत सापडला, तर तो जुन्या दफनातला असं म्हणायची घाई नको. हाडं त्याच मातीच्या दाबाने जागच्या जागी चुरगळतात. तरी बरं, काळी माती अल्कधर्मी आहे. केरळातल्या जांभ्याच्या आम्ल मातीत महापाषाणीय, म्हणजे मोठ्या शिळा वापरून केलेल्या, दफनांतली हाडं बहुधा पार विरघळून गेलेली असतात आणि भांड्यांवरच भागवावं लागतं. लोखंडाला चिकटलेल्या गंजात लाकडी दांड्याचा पोत किंवा कापडाची वीण छापलेली राहते. तारेचा ब्रश मारला की ती जाते. वस्तू ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या हवाबंद डब्यात ठेवली नाही, तर नागपूरच्या पहिल्या पावसाळ्यातच खंजिराचे पापुद्रे सुटायला लागतात.

वर्तुळांचे दगड बांधांना, रस्त्याच्या खडीला जातात. भर मुरूम म्हणून जाते. त्यात धनाच्या आशेने रात्री खणणारे वेगळे. त्यांच्या माहितीसाठी: १८७८ चा निखात निधी कायदा अजून आहे, आणि जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीच्या ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. तसंही या वर्तुळांत मिळतं ते बहुतांशी गंजलेलं लोखंड.

हाडं बाहेर आली की लगेच काहीतरी लावून घट्ट करायची सवय जुनी. ॲसिटोनमधलं पॅरालॉइड बी-७२ हे कृत्रिम राळेचं द्रावण चांगलं आहे, पण हाड कोरडं असेल तरच. ओल्यावर लावलं की पांढुरकी साय धरते. आणि लावण्याआधी नमुना काढून ठेवायला हवा, कारण नंतर कार्बन कालमापन आणि डीएनए दोन्ही बिघडतात. डीएनएसाठी आतल्या कानाभोवतीचं दगडासारखं टणक हाड किंवा दात घेतात, हातमोजे आणि मास्क घालून, न धुता. आपल्या हवेत यश किती दुर्मीळ, ते हरियाणातल्या, सिंधू संस्कृतीच्या राखीगढीवरून कळावं. २०१९ मध्ये वसंत शिंदे आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ६१ नमुने तपासले होते. वाचण्याजोगा जनुकसंच एकाच स्त्रीच्या अवशेषांतून मिळाला. घोडनदीच्या काठावरही वेगळं अपेक्षू नये.

एका बाबतीत मात्र जुन्या पेट्यांत नवी आशा आहे. मुलांच्या हाडांवरून मुलगा की मुलगी हे सांगता येत नाही. कटीचा फरक वयात येतानाच पडतो. गेल्या काही वर्षांत एनॅमलमधल्या अमेलोजेनिन या प्रथिनावरून ते सांगण्याची रीत आली आहे. त्यासाठी दाताचा थोडासा पृष्ठभाग आम्लाने कोरला की पुरतं, आणि डीएनए पार नष्ट झाला तरी हे प्रथिन तगतं. घराखाली कुंभात पुरलेल्या मुलांमध्ये मुलगे किती आणि मुली किती, दोघांच्या कुंभांत तेवढीच भांडी होती का, पूर्व आणि उत्तर जोर्वेत हे प्रमाण बदललं का, हे प्रश्न अशा दातांना विचारता येतील. अट एवढीच की दात कुठल्या कुंभातला आणि कुंभ कुठल्या जमिनीखालचा, हे त्याच्या चिठ्ठीवर असलं पाहिजे. चिठ्ठ्या दोन, एक पिशवीत आणि एक पिशवीवर, शिसपेन्सिलीने लिहिलेल्या, कारण शाई दमट हवेत पसरते. पिशवीला भोकं, नाहीतर आत बुरशी. हाडाला कापूस गुंडाळायचा नाही, तंतू चिकटून बसतात. आणि डांबराच्या गोळ्यांवर विसंबायचं नाही, कसर कागद खातेच. दर दोन-तीन वर्षांनी पेट्या उघडून चिठ्ठ्या नव्याने लिहाव्या लागतात. या कामाला ना अनुदान मिळतं, ना त्यावर शोधनिबंध निघतो, म्हणून ते मागे पडतं. ‘लहान मूल, कुंभ, घराखाली’ एवढंच लिहिलेली पिशवी हाती आली, तर त्या दातावरून ती मुलगी होती हे सांगता येईल, पण ती कुणाच्या घरातली, हे नाही.